घरकुल कोणाला, आणि ते ठरवतं कोण?

धारणीच्या बाजारात, बस स्टँडवर किंवा पंचायत समितीच्या ओसरीत घरकुलाचा विषय निघाला की प्रश्न तेच ते असतात. ‘माझं घर त्याच्यापेक्षा पडकं, मग त्याचं नाव आधी कसं लागलं?’ ‘अर्ज दोनदा दिला, तरी यादीत नाव नाही.’ ‘फटफटी हाय म्हणून नाव कटलं म्हणतात, खरं काय?’ ‘जागा बापाच्या नावानं हाय, मग मले घरकुल भेटते का?’ या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एक समज असतो: घरकुल साहेब देतात, नाहीतर सरपंच देतो, नाहीतर कुणाच्या तरी चिठ्ठीवर मिळतं.

प्रत्यक्षात घरकुल कोणाला द्यायचं याचे नियम लेखी आहेत आणि नावांचा क्रम लावण्याची रीतही ठरलेली आहे. मेळघाटात तर लाभार्थी निवडण्याची जबाबदारी कायद्यानं ग्रामसभेवर टाकली आहे. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, म्हणजे तुम्हीच. पण ही जबाबदारी पार पाडायची तर यादी बनते कशी, नाव गळतं कुठं आणि गळलं तर परत कसं आणायचं, हे माहीत हवं.

घरं थोडी आणि मागणारे जास्त, हा पेच सगळीकडेच आहे. मुंबई-पुण्यात म्हाडा सोडत काढते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानं स्थानिक परिषदांना घरवाटपाचे नियम लेखी जाहीर करायला लावले. बेघर, दाटीवाटीनं किंवा रोगट घरात राहणारी आणि आजारपणामुळे घर बदलावं लागणारी माणसं तिथे पुढे धरली जातात. आपली घरकुलाची पद्धत सोडतीपेक्षा या दुसऱ्या रीतीच्या जवळची आहे. ज्याची गरज मोठी, त्याचा नंबर आधी. म्हणून तुमची गरज कागदावर नेमकी कशी नोंदली गेली आहे, यावर बाकी सगळं अवलंबून असतं.

आधी हे पाहा: तुम्ही कोणाच्या हद्दीत राहता?

धारणी शहर नगर पंचायतीत येतं. शहराच्या प्रभागात राहणाऱ्यांनी ग्रामीण यादीत नाव शोधून उपयोग नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० आहे, ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात अर्ज करावा लागतो. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, देशात कुठंही पक्कं घर नसावं आणि गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घर घेतलेलं नसावं.

हरिसाल, सुसर्दा, बैरागड, सादराबाडी, कळमखार अशा गावांत राहणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे. तो ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि अमरावतीची जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा असा जातो. इथून पुढचा लेख मुख्यतः या गावकऱ्यांसाठी आहे, कारण गोंधळही तिथेच जास्त आहे.

योजना अनेक, पण कुटुंबाला घर एकदाच

- प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण): जुन्या इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये आलेली. सगळ्या समाजांसाठी. नाव सर्वेक्षणाच्या यादीत असणं ही पहिली अट. केंद्र मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी देऊन ती २०२८-२९ पर्यंत वाढवली.
- शबरी आदिवासी घरकुल योजना: राज्याच्या आदिवासी विकास विभागाची. अनुसूचित जमातीच्या ज्या कुटुंबांचं नाव पीएम आवासच्या यादीत नाही, त्यांच्यासाठी. इथे अर्ज चालतो. ग्रामपंचायतीमार्फत किंवा धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.
- रमाई आवास योजना: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी, सामाजिक न्याय विभागाकडून.
- मोदी आवास घरकुल योजना: इतर मागासवर्गीयांसाठी, २०२३ मध्ये सुरू झालेली.
- यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना: विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी. पारधी कुटुंबांसाठी पारधी आवास योजना वेगळी आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन योजनेत घरासाठी दोन लाख रुपये मिळतात, हे ऐकून मेळघाटातली अनेक कुटुंबं ‘आमचं नाव जनमनमध्ये टाका’ म्हणतात. जनमन ही विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी आहे आणि महाराष्ट्रात अशा जमाती तीनच आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कोरकू त्यात येत नाहीत. कोरकू कुटुंबांचे दोन मार्ग म्हणजे पीएम आवास आणि शबरी. जनमनमध्ये बसवून देतो असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.

यादी बनते कशी?

पीएम आवासची पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणातून आली. त्यात जे सुटले, त्यांच्यासाठी २०१८-१९ मध्ये ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झालं. गावात जिला ‘ड यादी’ म्हणतात ती हीच. प्रपत्र ब म्हणजे पहिल्या यादीतले पात्र आणि प्रपत्र ड म्हणजे नंतर नोंदलेले, असा हा हिशेब आहे. तिसरी नोंदणी ‘आवास प्लस २०२४’ या मोबाइल ॲपवर झाली. तिच्यात कुटुंबाला स्वतःही नोंद करता येत होती, आधारशी चेहरा जुळवून आणि राहत्या घराचा फोटो काढून. तिची मुदत वाढत वाढत २०२५ मध्ये संपली. नोंदवलेली नावं पडताळायची आणि मग ग्रामसभेपुढे ठेवायची, असा तिचा पुढचा क्रम आहे.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या बालेवाडीत राज्यातल्या सुमारे २० लाख कुटुंबांना मंजुरीपत्रं आणि १० लाख कुटुंबांना पहिला हप्ता देण्याचा कार्यक्रम झाला. त्या एका वर्षात राज्याला मोठं उद्दिष्ट मिळालं, म्हणून वर्षानुवर्षं अडलेली नावं भराभर पुढे सरकली. शेजाऱ्याचं नाव अचानक लागलं यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. त्याचं नाव जुन्या यादीत होतं आणि तुमचं नव्या नोंदणीत आहे.

आता क्रम कसा लागतो ते पाहा. गावाची एकच सलग यादी नसते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि इतर अशा प्रवर्गवार याद्या असतात आणि गावाला मिळालेलं उद्दिष्टही प्रवर्गवार वाटलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या प्रवर्गातल्या घराशी आपला नंबर ताडून पाहण्यात अर्थ नाही. आपल्या प्रवर्गात मात्र पायऱ्या अशा आहेत:

1. पहिली पायरी घराची. बेघर सगळ्यात आधी, मग एकही धड खोली नसलेले, मग कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराची एक खोली असलेले, शेवटी अशाच दोन खोल्यांचे.
2. प्रत्येक पायरीवर काही कुटुंबं आपोआप वर येतात: निराधार किंवा भिक्षेवर जगणारे, हातानं मैला साफ करणारे, आदिम जमाती आणि कायद्यानं मुक्त केलेले वेठबिगार.
3. त्यानंतर वंचिततेचे गुण. १६ ते ५९ वयाचं कोणीच घरात नाही; बाई कुटुंबप्रमुख आहे आणि त्या वयाचा पुरुष नाही; पंचविशीच्या वरचं कोणीही साक्षर नाही; घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ नाही; भूमिहीन असून मुख्य मिळकत अंगमेहनतीच्या मजुरीची आहे. या पाचांपैकी जितक्या गोष्टी लागू, तितके गुण जास्त.
4. गुण सारखे झाले तर शहीद जवान किंवा पोलिसांचं कुटुंब, कुष्ठरोग, कर्करोग किंवा एचआयव्हीचा रुग्ण असलेलं घर, एकुलती एक मुलगी असलेलं घर, वनहक्क कायद्याचे लाभधारक आणि तृतीयपंथी यांना प्राधान्य.

चौथ्या पायरीतला वनहक्काचा उल्लेख मेळघाटासाठी मोलाचा आहे. घरात वनहक्काचा पट्टा असेल, तर त्याची प्रत ग्रामसभेत बरोबर न्या आणि तो मुद्दा कार्यवृत्तात लिहून घ्या. बरोबरीच्या गुणांत तुमचं पारडं त्यानं जड होतं, पण ते कोणी आपणहून सांगणार नाही.

दुसरी बारीक गोष्ट छपराची. २०११ च्या सर्वेक्षणात हातकवेलूचं छप्पर कच्चं धरलं गेलं, पण टिनपत्र्याचं छप्पर पक्क्या साहित्यात मोजलं गेलं. मेळघाटात कुडाच्या किंवा मातीच्या भिंतींवर गळती थांबवायला टिनपत्रे टाकलेली घरं गावोगाव दिसतात. असं घर नोंदताना ‘पक्कं’ या शब्दाखाली जाऊ शकतं, म्हणून भिंतीची आणि छपराची नोंद वेगवेगळी वाचून घ्या. भिंत मातीची असेल तर ती तशीच नोंदली गेली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. फोटोही फक्त समोरून काढू देऊ नका. आतली भिंत आणि ओल दिसेल असा काढायला सांगा.

फटफटीमुळे नाव कटतं का?

आता नाही. पूर्वी वगळण्याचे १३ निकष होते आणि त्यात दुचाकी, फ्रिज आणि घरचा टेलिफोन हेही होते. २०२४ मध्ये हे निकष १० वर आले. त्यात दुचाकी, फ्रिज, टेलिफोन आणि मासेमारीची होडी गेली आणि उत्पन्नाची मर्यादाही वाढली. सध्या पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर कुटुंब अपात्र ठरतं:

- तीनचाकी किंवा चारचाकी मोटारवाहन, किंवा ट्रॅक्टरसारखं यांत्रिक शेती अवजार
- ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड
- घरात कोणी सरकारी नोकर
- सरकारकडे नोंदलेला बिगरशेती व्यवसाय
- घरातल्या कोणाचंही महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या वर
- आयकर किंवा व्यवसाय कर भरणारं कोणी
- अडीच एकर किंवा जास्त ओलिताची जमीन
- पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन

शेवटचा निकष मेळघाटावर अन्यायकारक आहे आणि ते उघड सांगायला हवं. सपाटीवरची पाच एकर काळी जमीन आणि सातपुड्याच्या उतारावरची पाच एकर बरड सारखी नसते. पावसाच्या एका पिकावर जगणारं, दिवाळीनंतर मजुरीसाठी गाव सोडणारं कुटुंब कागदावर ‘पाच एकरवाला’ म्हणून श्रीमंत ठरतं. निकष बदलणं तुमच्या हातात नाही. जमिनीची नोंद नेमकी असणं मात्र आहे. सातबारा आजोबांच्या नावानं असेल आणि त्यावर चार भावांची नावं असतील, तर अख्ख्या गटाचं क्षेत्र तुमच्या एकट्याच्या नावावर मोजलं जाण्याची भीती असते. तलाठ्याकडून वारस नोंद करून घ्या, वाटणी झाली असेल तर तिचा फेरफार करून घ्या आणि तुमच्या कुटुंबाचा हिस्सा किती, हे पडताळणीच्या वेळी कागदानिशी दाखवा.

पोरगा पुण्याला कंपनीत लागला, त्याचा पगार १५ हजारांच्या वर आहे, तो वेगळा राहतो आणि त्याचं जॉबकार्ड, रेशनकार्ड मात्र अजून तुमच्याच घरात आहे, अशी स्थिती असेल तर तेही आधी निस्तरा. लग्न झालेल्या, वेगळी चूल मांडलेल्या मुलाचं रेशनकार्ड आणि जॉबकार्ड वेगळं हवं. आवास प्लस नोंदणीत जॉबकार्डाचा क्रमांक लागतो. कार्ड एकच असलं की दोन कुटुंबांचं एक कुटुंब होतं आणि एकाचं घर जातं.

निर्णय होतो तो ग्रामसभेत

अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले. गरिबी निर्मूलनाच्या आणि इतर योजनांचे लाभार्थी निवडणं ही ग्रामसभेची जबाबदारी आहे, असं पेसाच्या कलम ४ मध्ये लिहिलं आहे. गट ग्रामपंचायतीतल्या पाड्या-ढाण्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. मोठ्या गावाच्या सभेत छोट्या पाड्याचा आवाज दबत असेल, तर हा रस्ता वापरण्यासारखा आहे.

ग्रामसभेचे अधिकार ठाऊक असू द्या. यादीतलं एखादं कुटुंब अपात्र असेल, तर ती नाव वगळू शकते, पण कारण लिहून. पात्र कुटुंबांत सारखे गुण असतील, तर ती क्रम लावते. सुटलेल्या कुटुंबांची नावं ती ठरावानं सुचवू शकते. सरकारच्या निकषात न बसणारं नाव मात्र ती पात्र करू शकत नाही. ‘ग्रामसभेनं ठराव दिला, मग घर का नाही?’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

खरी अडचण सभेच्या तारखांची आहे. रिवाजानं ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. मेळघाटातली मजूर कुटुंबं दिवाळीनंतर मध्य प्रदेशात, वीटभट्ट्यांवर आणि मैदानी तालुक्यांत कामाला जातात आणि होळीला परततात. म्हणजे जानेवारीच्या सभेला, ज्यांना घराची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच गावात नसतात. ‘स्थलांतरित, आढळले नाही’ अशा शेऱ्यानं नाव गळायला तेवढं पुरतं. म्हणून बाहेर जाण्याआधी इतकं करा:

- घरकुलाच्या यादीत नाव आहे, आम्ही अमुक महिन्यापर्यंत कामाला बाहेर आहोत, असा दोन ओळींचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.
- गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा आणि तुमचा असे दोन मोबाइल नंबर त्यावर लिहा.
- परतल्यावर १ मेची सभा चुकवू नका. यादी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, मराठीत आणि कोरकूतही. न समजलेल्या यादीवर अंगठा देऊ नका.
- बायांनी महिला ग्रामसभेत हा विषय आधीच मांडावा. ती सभा मुख्य ग्रामसभेच्या अगोदर घ्यायची असते. विधवा आणि परित्यक्तांची सुटलेली नावं तिथे निघतात. एरवी कोणी काढत नाही.

जागा नाही, किंवा आहे पण नावावर नाही

राहतं घर गावठाणात असेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा मुख्य कागद. तो वडिलांच्या नावानं असेल, तर वारस नोंद करा किंवा इतर वारसांची लेखी संमती जोडा. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिकाही मिळते.

भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला तिच्यात पूर्वी ५० हजार मिळत, २०२४ पासून एक लाखापर्यंत मिळतात. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्यानं २०१८ मध्ये घेतला. वनजमिनीला तो लागू नाही.

वनजमिनीचा रस्ता वनहक्क कायद्यातून जातो. त्या कायद्यातला वैयक्तिक हक्क शेतीसाठी आहे तसा राहण्यासाठीही आहे. शिवाय २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनक्षेत्रात घर बांधता यावं अशी दुरुस्ती केली. कुटुंबं वाढली, गावठाण तेवढंच राहिलं, अशा मेळघाटातल्या गावांसाठी ही तरतूद मोठी आहे. पण ती आपोआप लागू होत नाही, रीतसर मंजुरी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा कडेला असलेल्या गावांनी तर लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पाया खोदू नये.

पैसे किती, आणि कधी?

सपाट भागात पीएम आवासचं मूळ अनुदान १ लाख २० हजार आहे, डोंगराळ किंवा दुर्गम ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार. तुमच्या मंजुरीपत्रावर कोणता आकडा आहे ते पाहा. सपाट भागाच्या दरानं हिशेब असा बसतो:

- मूळ अनुदान: १ लाख २० हजार
- राज्य सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेली वाढ: ५० हजार, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी
- रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी: २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८ हजार ८०
- शौचालयासाठी: १२ हजार

बेरीज २ लाख १० हजार ८० होते, पण ती एकरकमी हातात येत नाही. अनुदान हप्त्यानं थेट बँक खात्यात येतं, बांधकाम पुढे सरकेल तसं. पंचायत समितीचा गृहनिर्माण अभियंता जागेवर येऊन फोटो टाकतो, त्याला सगळे जिओ टॅग म्हणतात. तो झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. घर किमान २६९ चौरस फुटांचं आणि मंजुरीपासून बारा महिन्यांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा असते. मजुरीचे पैसे मिळवायला हजेरीपट निघावा लागतो, म्हणून जोत्याचं काम सुरू करतानाच रोजगार सेवकाला कळवा. मागाहून दिवस दाखवता येत नाहीत आणि इथे अनेकांचे २८ हजार बुडतात.

मेळघाटाच्या पावसात भिंत चढत नाही. बांधकामाचा काळ दिवाळी ते मे, आणि मजुरीला बाहेर जाण्याचा काळही तोच. घरातल्या एकानं तरी मागं राहण्याचं नियोजन करा आणि सिमेंट-लोखंड परतवाड्याहून आणायचं असेल, तर शेजारच्या चार लाभार्थ्यांनी मिळून एकच गाडी करा. वाळूचा खर्च अंगावर घेण्याआधी तहसील कार्यालयात विचारा. घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे.

इथे फसगत होते

नावातला फरक हे हप्ता अडण्याचं फार जुनं कारण. आधारवर एक, जॉबकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं नाव असतं. कोरकू नावं लिहिताना तर प्रत्येक कारकून वेगळं लिहितो. मंजुरीची वाट न पाहता तिन्ही कागद एकसारखे करून घ्या. व्यवहार न झाल्यानं बंद पडलेल्या जनधन खात्याचंही तेच. बँकेत जाऊन खातं चालू आणि आधारला जोडलेलं आहे ना, विचारा.

ठेकेदार या योजनेत नाही. घर लाभार्थीच बांधतो. ‘सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त पैसे काढून द्या’ म्हणणाऱ्याला पहिला हप्ता देऊन जोत्यावरच अडकलेली घरं धारणी तालुक्यानंच नव्हे, राज्यभरच्या गावांनी पाहिली आहेत. गवंडी ठरवा, मजुरी ठरवा, साहित्य स्वतः घ्या.

नाव लावायला, फोटो काढायला, हप्ता सोडायला कसलीही फी नाही. सरकारी माणसानं पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

घर पती-पत्नी दोघांच्या नावे किंवा पत्नीच्या नावे होतं. मंजुरीपत्रात बाईचं नाव आहे का ते बघा, नसेल तर तेव्हाच घालून घ्या. मंजुरीनंतर लाभार्थी वारला, तरी घर बुडत नाही. मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि नाव बदलून घ्या.

नाव कटलं किंवा लागलंच नाही, तर

1. आधी शोधा. पंचायत समितीत किंवा गावच्या संगणक केंद्रात पीएम आवासच्या संकेतस्थळावर गावनिहाय यादी उघडता येते. आधीच्या नोंदणीतला ‘एमएच’नं सुरू होणारा क्रमांक असेल तर थेट सापडतं. नावाचं स्पेलिंग बदलून पाहा, नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोन्ही नावांनी पाहा.
2. कारण लेखी मागा. ‘वरून कटलं’ हे उत्तर मान्य करू नका. ग्रामसभेनं वगळलं असेल तर ठरावाची प्रत, पडताळणीत अपात्र ठरवलं असेल तर तो निकष कोणता, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला अर्ज देऊन विचारा.
3. तोंडी उत्तरावर बोळवण झाली, तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तेही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास त्याच कार्यालयात पहिलं अपील, पुढे राज्य माहिती आयोगाचं अमरावती खंडपीठ. यादी, ग्रामसभेचं कार्यवृत्त आणि तुमच्या घराचा पडताळणीतला फोटो, तिन्ही मागा.
4. चूक सापडली की पुराव्यासह गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. दुचाकीच्या जुन्या निकषावर, जमिनीच्या चुकीच्या नोंदीवर किंवा ‘आढळले नाही’ म्हणून नाव गेलं असेल, तर तेच एक कारण धरून मुद्द्याचं लिहा. पानभर व्यथा लिहिलेला अर्ज बाजूला पडतो.
5. तिथे न्याय झाला नाही, तर जिल्हास्तरावर अपील समिती आहे. अमरावती धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटर. एकट्यानं जाण्यापेक्षा गावातल्या सारख्याच कारणानं कटलेल्या सगळ्यांनी एकत्र अर्ज करावा, एकानं पोच घेऊन यावी.
6. दरम्यान दुसरा दरवाजा बंद ठेवू नका. तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल, नाव पीएम आवासच्या एकाही यादीत नसेल, तर शबरीचा अर्ज लगेच करा. त्याला जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जागेचा उतारा, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक लागतं. जातीचा दाखला धारणीच्या उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतो. घरात कोणाचाच दाखला नसेल, तर पहिलं काम तेच हाती घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.